‘ऑल्सो’ कुठे बसवायचा?

प्रिय मित्रा,

तुझ्या इंग्रजी अर्जातला मजकूर चांगला आहे, पण ‘ऑल्सो’ जिथेतिथे सांडलाय. शब्दाचा अर्थ तुला नीट ठाऊक आहे; आड येते ती मराठी ‘ही’ची सवय.

आपला ‘ही’ ज्या शब्दात भर घालायची त्यालाच चिकटतो. ‘मीही मराठी शिकवतो’, ‘मी मराठीही शिकवतो’, ‘मी मराठी शिकवतोही’ : तीन वाक्यं, तीन अर्थ. इंग्रजीत तिन्हींसाठी ‘आय ऑल्सो टीच मराठी’ म्हणता येतं. बोलताना आवाजाच्या जोरावरून अर्थ कळतो, कागदावर तो जोर दिसत नाही. तिथे वाक्यच बदलावं. पहिल्यासाठी ‘आय, टू, टीच मराठी’. दुसऱ्यासाठी ‘बिसाइड्स हिंदी, आय टीच मराठी’. तिसऱ्यासाठी ‘आय स्पीक मराठी अँड ऑल्सो टीच इट’.

एरवी जागा क्रियापदाशेजारी. साध्या क्रियापदाच्या आधी : ‘शी ऑल्सो सिंग्ज’. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ मुख्य क्रियापद असेल तर त्याच्यानंतर : ‘शी इज ऑल्सो अ नर्स’. सहायक क्रियापदं असतील तर पहिल्यानंतर : ‘शी कॅन ऑल्सो ड्राइव्ह’.

तुझं ‘आय नो टायपिंग, ऑल्सो आय नो टॅली’ हे वाक्य मात्र मोडकं आहे. ‘ऑल्सो’ क्रियाविशेषण आहे. दोन वाक्यं जोडायचं काम ‘अँड’चं. ‘आय नो टायपिंग, अँड आय ऑल्सो नो टॅली’ असं लिही. ‘ऑल्सो’ने वाक्य सुरू करणं चूक नाही, पुढे स्वल्पविराम दे म्हणजे झालं. पण अर्जात तीन वाक्यं तशीच सुरू झाली की आठवेल तसं लिहीत गेल्यासारखं वाटतं. आणि शोभेसाठी ‘मोअरओव्हर’ नको. तो आधीच्या मुद्द्याला बळ देणारी गोष्ट सांगताना वापरतात, टॅलीसाठी नाही.

नकारात ‘ऑल्सो’ सोड. ‘तीही आली नाही’ म्हणजे ‘शी डिडन्ट कम ऐदर’.

सगळ्यात फसवा आपला ‘सुद्धा’. ‘त्यांनी चहासुद्धा दिला’ यात नाश्त्यावर चहाची भर असेल, तर ‘दे ऑल्सो गेव्ह अस टी’. पण ‘त्यांनी साधं पाणीसुद्धा विचारलं नाही’ यात भर कसलीच नाही, तक्रार आहे. तिथे ‘इव्हन’ : ‘दे डिडन्ट इव्हन ऑफर अस वॉटर’. ‘सुद्धा’च्या आधी ‘साधं’ किंवा ‘अगदी’ घालून बघ. वाक्य सहज पेललं, तर बहुतेक वेळा ‘इव्हन’च हवा असतो.