एडिंबरात टोमॅटो हिरवेच का राहतात?

तुम्ही विचारलंय की एडिंबरात घरामागे लावलेली टोमॅटोची झाडं पुरुषभर वाढली, फुललीही, पण सप्टेंबर सरला तरी फळं हिरवीच. खत कमी पडलं का? मी याच शहरात टोमॅटो लावते आणि माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. खत नाही हो, दिवस कमी पडतात.

इथे जुलैतही दुपारचं तापमान सरासरी १९-२० अंशांच्या पुढे फारसं जात नाही. रात्री १३ अंशांखाली गेलं की फळधारणा नीट होत नाही, फुलं गळतात. म्हणून जात निवडताना लवकर पिकणारी, लहान फळांची बघा. मी 'सनगोल्ड' आणि 'गार्डनर्स डिलाइट' लावते. मोठे 'बीफस्टेक' इथे उघड्यावर लावूच नका.

बी मार्चमध्ये घरात, खिडकीशी पेरा. मेअखेर आठ-दहा दिवस रोपं दिवसा बाहेर, रात्री आत असं करून जूनच्या सुरुवातीला लावा. खालची पानं काढून खोड खोल पुरा, त्याला मुळं फुटतात. जागा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची हवी. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब देतो.

माझ्याकडे खरा फरक पडला तो शेंडा खुडल्यावर. बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यात फुटणारे कोंब, दर आठवड्याला काढत होतेच, पण वाढतं झाड खुडायला हात धजत नव्हता. चार घोस धरले की, किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, शेंडा खुडाच. त्यानंतर येणारं फूल इथे पिकत नाही, झाडाची ताकद मात्र खातं.

करपा रोगापासून झाडं जपा. स्कॉटलंडमधल्या डंडीजवळच्या जेम्स हटन या शेती-संशोधन संस्थेचा निकष सोपा आहे: सलग दोन दिवस तापमान १० अंशांखाली गेलं नाही आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास आर्द्रता ९० टक्क्यांवर राहिली, की धोका. म्हणून पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नको, आणि झाडं दाटीने लावू नका. पानांवर तपकिरी डाग पसरायला लागले तर चांगली फळं लगेच उतरवून घ्या.

या वर्षीचे हिरवे टाकू नका. पुरते भरलेले टोमॅटो पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत, घरातल्या उबेत ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने रंग धरतात. अगदी कोवळे मात्र पिकणार नाहीत. ते लसूण-मिरचीबरोबर तेलावर परता आणि दाण्याचं कूट घालून चटणी वाटा.