घरसभेतले प्रश्न: बोलणारे काका, दारात आलेला प्रसाद आणि बाकी काही

या वेळची बरीचशी पत्रं घरसभेबद्दल आहेत, म्हणजे आठवड्यातनं एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये दहाबारा जणं सतरंजीवर बसून बायबल उघडतात ती. बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत तिला कोण बायबल स्टडी म्हणतं, कोण सेल, आणि जुन्या बायका अजून कॉटेज मीटिंगच म्हणतात. पत्रं लांब होती म्हणून कापलीत, नावं गाळलीत.

प्रश्न: ताई, मी गोकुळ शिरगावला सीएनसी मशीनवर आहे. आमच्या गल्लीतली बुधवारची बायबल स्टडी पाळकसाहेबांनी आता माझ्याकडं दिलीय. आमच्यात एक वयस्कर काका आहेत, वचन वाचून झालं की ते जे सुरू होतात ते पाऊण तास थांबत नाहीत, कधी प्रकटीकरणाचं पुस्तक, कधी इस्राएल, कधी त्यांच्या तरुणपणीच्या कन्व्हेन्शनच्या गोष्टी. बाकीचे मान खाली घालून मोबाईल बघतात, दोन घरं यायची बंद झाली. मी वयानं लहान, थांबवू कसं त्यांना? (राजारामपुरी)

उत्तर: काका बोलतात हा अर्धाच प्रॉब्लेम आहे बघ, उरलेला अर्धा म्हणजे बाकीच्यांना बोलायला तू बहुतेक काही दिलेलंच नाहीस. ‘या भागातून तुम्हाला काय मिळालं?’ असं विचारलं की ज्याच्याकडं आधीचा साठा आहे तोच बोलणार, आणि काकांकडं चाळीसेक वर्षांचा साठा असणार. त्यापेक्षा प्रश्न असा टाक की उत्तर समोरच्या पानातच आहे. मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती माणूस घे. त्याला उचलून किती जणांनी आणलं, दारातनं का आणलं नाही, छप्पर उसकटल्यावर येशू पहिलं काय बोलला, ते मागायला ही माणसं आली होती का, आणि तिथं बसलेल्या शास्त्र्यांना राग नेमका कशाचा आला. याची उत्तरं चौथी शिकलेली मावशी पण देते, आणि माणूस एकदा बोलला की दुसऱ्यांदा बोलायला लाजत नाही. पहिला अर्धा तास नुसतं हेच, काय लिहिलंय ते बघायचं. मग अर्थ काय, आणि शेवटी आपलं काय. आणि हे ‘आपलं काय’ म्हणजे ‘आपण विश्वास वाढवला पाहिजे’ असलं हवेतलं नको, आपल्या ओळखीत स्वतःच्या पायानं येऊ न शकणारा कोण आहे आणि त्याची बाज धरायला आपल्यातले चौघं निघतात का, असं विचार. गप्प बसतील थोडा वेळ. बसू देत, तू मधे उत्तर देऊ नको.

आता काका. त्यांना सगळ्यांसमोर थांबवू नको, त्यांच्या घरी जा, चहा पी, आणि त्यांना काम दे. ‘काका, बुधवारी सुरुवातीची पाच मिनिटं तुम्ही पार्श्वभूमी सांगायची, कफर्णहूम कुठं होतं, तिथल्या घरांची छपरं कसली होती’. ते तयारी करून येतील, खूश होतील, आणि पाच म्हणजे पाच हे तू आधीच बोललेला असशील. बसताना त्यांना तुझ्या शेजारी बसव, समोर नको, कारण समोर बसलेल्या माणसाला तुझे डोळे दिसतात आणि तो तुझ्याशीच बोलत सुटतो. आणि सगळ्यांसाठीच एक नियम सांगून टाक, आजच्या उताऱ्याबाहेर जायचं नाही. मार्क चालू असताना प्रकटीकरण निघालं तर वहीत लिहून ठेवायचं, पुढं कधीतरी घेऊ.

एका बुधवारी १ करिंथ १४ चं २६ ते ३३ वाचायला घे. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की एकत्र जमता तेव्हा प्रत्येकाकडं काहीतरी असतं, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्यानं गप्प बसावं. यावर तू काहीच बोलू नको, नुसतं वाच आणि मार्ककडं वळ. पौलाला स्वतःला हे कितपत जमलं देव जाणे, त्रोवसला तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा पोरगा खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरनं खाली पडला, प्रेषितांची कृत्ये २० मध्ये आहे ते.

मी यावर एवढी अडून बसते कारण बाप्टिस्ट मंडळीत प्रत्येक विश्वासणारा याजक म्हणजे पुरोहित मानला जातो, वचन उघडायचा हक्क एकट्या पाळकांचा नाही. बायबलमधल्या अपुल्लोसारख्या शिकलेल्या वक्त्याला घरी नेऊन ज्यांनी अधिक नीट शिकवलं ती प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला तंबू शिवणारी जोडी होती. लेथवरचा माणूस, धुणीभांडी करणारी बाई आणि कॉलेजातले सर एकाच पानावर बोट ठेवून बसतात तेव्हा जे बाहेर येतं ते रविवारच्या उपदेशात येत नाही, आणि एकच जण बोलणार असेल तर मग बुधवारी जमायचं कशाला, रविवार आहेच की.

प्रश्न: महिला सभेत मी रडत रडत सांगितलं की मालकांनी परत प्यायला सुरुवात केलीय, प्रार्थना करा. रविवारी चर्चच्या दारात एका बहिणीनं मला विचारलं, ‘आता कसे आहेत ते?’ ती तर आमच्या गटात पण नाही! मी आता जायचं बंद केलंय. (शाहूपुरी)

उत्तर: तुमचा राग बरोबर आहे. ‘प्रार्थनाविषय’ म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं चुगलीच असते, फक्त शेवटी आमेन लावलेली. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हटलंय, ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाका असं नाही. नीतिसूत्रे ११:१३ तर सरळच आहे, चहाडखोर गुपित फोडतो आणि विश्वासू माणूस झाकून ठेवतो.

गट चालवणाऱ्या बहिणीला भेटा आणि झालं ते सांगा, कुणी फोडलं ते शोधत बसू नका. नियम असा करायला सांगा की ज्याची गोष्ट त्यानंच दुसऱ्याला सांगायची, आणि पाळकसाहेबांच्या कानावर घालायचं असलं तरी आधी त्या बाईला विचारायचं. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर वेळ, पत्ता आणि उतारा एवढंच. एक अपवाद मात्र ठेवाच. घरात मारहाण होत असेल, पोरांच्या जिवाला धोका असेल तर तिथं गुपित पाळायचं नसतं, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीला ११२ हे नंबर गटातल्या प्रत्येकीकडं पाहिजेत. आणि दारूचं म्हणाल तर प्रार्थना करा, पण तेवढ्यावर थांबू नका. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगा महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत होतात आणि घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. तिथं गेल्यानं विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर त्या माणसाकडं सरळ दुर्लक्ष करा.

प्रश्न: आम्ही चाळीत राहतो, खालीवर सगळे हिंदू शेजारी, संबंध घरच्यासारखे. जोतिबाची यात्रा करून आले की खोबरं आणि दवणा घेऊन दारात येतात, नवरात्रात तर विचारूच नका. गटात यावर वाद झाला, एक म्हणतो प्रसाद घेतलास तर पाप, दुसरा म्हणतो खोबऱ्याला काय झालंय, खा की. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आता. गणपतीच्या वर्गणीचं पण सांगा. (कसबा बावडा)

उत्तर: हा वाद करिंथमध्ये पण मूर्तीला वाहिलेल्या मांसावरनं असाच पेटला होता, आणि पौलानं त्यावर तीन अध्याय घालवलेत, १ करिंथ ८ ते १०. एका बैठकीत उरकू नका, तीन बुधवार द्या. त्यानं दोन्ही बाजूंना बोल लावलेत हे तुमच्या त्या दोघांना दिसलं पाहिजे. ‘खा की’ म्हणणाऱ्याला तो म्हणतो, मूर्ती काहीच नाही हे तुला कळतं ते ठीक, पण तुझ्या कळण्यानं दुबळ्या भावाचा नाश होत असेल तर मी तर मांसच खाणार नाही. ‘पाप’ म्हणणाऱ्याला म्हणतो, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढलेलं खा. पण समोरच्यानं सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी आणि विवेकासाठी खाऊ नको. आणि प्रत्यक्ष पूजेच्या पंगतीत बसणं तर तो सरळ नको म्हणतो, १०:१४ ते २२.

म्हणजे दिवाळीचं फराळाचं ताट वेगळं, आरतीला उभं राहणं वेगळं, आणि दारात आलेला प्रसाद या दोन्हींच्या मधे कुठंतरी. माझं मत विचाराल तर सणाच्या दिवशी दारात उभ्या माणसाला नाही म्हणणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त. शेजारच्या काकूंना एरवी कधीतरी निवांत सांगून ठेवा, की काकू, आमच्यात प्रसाद घेत नाहीत, पण तुमच्या हातची पुरणपोळी मात्र आम्हाला पाहिजेच. मनात राग नाही हे कळलं की लोक मानतात हो, कोल्हापुरात तर नक्कीच. आणि नाताळात करंज्या आणि शंकरपाळ्या सगळ्या चाळीत जातात ना तुमच्याकडनं? नसतील जात तर आधी ते चालू करा, मग प्रसादावर वाद घाला.

एवढं करूनही गटात एकजण घेईल, एकजण नाही घेणार. रोमकरांस १४ मध्ये खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा न्याय करू नये असं आहे, आणि बाप्टिस्ट माणसाला तर हे रक्तातच असायला पाहिजे. सुरुवातीच्या बाप्टिस्टांचा पुढारी थॉमस हेल्विस, त्यानं १६१२ मध्ये इंग्लंडच्या राजा जेम्सला लिहून कळवलं होतं की राजा झाला तरी माणसाच्या आत्म्यावर त्याची सत्ता चालत नाही, आणि त्यापायी तो तुरुंगात गेला. राजाला जे नाकारलं ते आपण एका घरसभेला कशाला द्यायचं? यावर गटात मतदान घेऊ नका. त्या दोघांना एका दिवशी एकत्र चहाला बसवा फक्त.

वर्गणी: मूर्ती आणि पूजेसाठी नको, पण मंडळाच्या रक्तदान शिबिराला, पोरांच्या वह्यांना तुमचं नाव पहिलं असू दे, आणि पावतीवर तसं लिहून घ्या. २०१९ चा पूर आठवतोय ना, पंचगंगा शहरात शिरली तेव्हा लोकांना बाहेर काढायला मंडळांची आणि तालमींचीच पोरं पाण्यात उतरली होती, तेव्हा कुणी कुणाला धर्म विचारला नव्हता.

प्रश्न: आमच्याकडं कोण जुनं पवित्र शास्त्र आणतो, कोण सोप्या मराठीतलं, कोण मोबाईलवर. वाचताना नुसता गोंधळ होतो. एकच ठरवावं का? (उद्यमनगर)

उत्तर: मोठ्यानं वाचायला एक ठरवा, बाकीची उघडी राहू देत, अडलं तिथं दुसऱ्यात बघायला बरं पडतं. मराठीत तरी भाषांतरांची कमी कधीच नव्हती. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याच्या मंडळींनी १८११ मध्ये मराठी नवा करार छापला, आणि हा कॅरी बाप्टिस्ट, मूळचा जोडे शिवणारा, कोल्हापूरकरांना एवढं सांगितलं की लगेच आपला वाटतो. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरनं अख्खं बायबल केलं, ते १९२४ मध्ये, त्या गेल्यावर, बाहेर आलं. मोबाईलवाल्यांना फक्त नोटिफिकेशन बंद करायला सांगा.

प्रश्न: माझं माहेर बाप्टिस्ट, सासर जुन्या मिशन चर्चमधलं. बाळ पाच महिन्यांचं झालंय, सासूबाई रोज म्हणतात पोराला बिनबाप्तिस्म्याचं ठेवलंय. नवरा म्हणतो तुम्ही दोघी ठरवा. (ताराबाई पार्क)

उत्तर: नवऱ्याला आधी या भांडणात ओढा, बाळ त्याचं पण आहे. कोल्हापुरात हे घराघरात असतं. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथं आले आणि पुढं ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं, त्या परंपरेत विश्वासणाऱ्या आईबापाच्या बाळाला बाप्तिस्मा देतात, देवाचा करार घराण्याशी आहे म्हणून. सासूबाई अडाणीपणानं बोलत नाहीयेत हे आधी मनात घ्या. आपल्याकडं बाप्तिस्मा ज्यानं स्वतः कबुली दिली त्यालाच, आणि तोही पाण्यात बुडवून, म्हणून बाळाचं समर्पण करतात, हन्नानं शमुवेलाला मंदिरात नेलं तसं. १९७० मध्ये नागपूरला वेगवेगळ्या पंथांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा त्यात बाप्टिस्ट गट पण होता, आणि दोन्ही पद्धती मान्य करूनच ते एकत्र आले. एवढी मोठी माणसं जर एका छपराखाली राहू शकली तर एका घरातल्या दोघींना काय अवघड आहे.

समर्पणाच्या दिवशी बाळ सासूबाईंच्या हातात द्या आणि पाळकांना आधीच सांगून त्यांनाच पहिली प्रार्थना करू द्या. त्यांचा स्वतःचा लहानपणीचा बाप्तिस्मा खरा की खोटा हा विषय तुम्ही घरात काढायचाच नाही, त्यांनी काढला तरी नाही.

प्रश्न: सभेनंतरचा चहा आता जेवणावर आलाय. एकीनं पोहे केले, दुसरीनं इडली, मागच्या वेळी बिर्याणी झाली. माझ्या घरची पाळी पुढच्या महिन्यात आहे, पगार बेताचा. (कदमवाडी)

उत्तर: चहा आणि बिस्किटं ठेवा. कुणी काही बोलणार नाही, उलट बाकीच्या दोघीतिघी मनातनं सुटलो म्हणतील. आणि बिर्याणीवालीला सांगा, नाताळला कर, सगळे येतो.