पंतप्रधानांना पहिले पत्र लिहिताना

तुम्ही मसुदा दाखवलात म्हणून स्पष्टच लिहितो: पहिली दीड पाने देशाच्या परिस्थितीवर खर्च झाली आहेत आणि वडिलांचे निवृत्तिवेतन अडले आहे, ही मूळ गोष्ट शेवटच्या परिच्छेदात दडली आहे. पत्र पंतप्रधानांच्या नावे असले, तरी ते आधी कार्यालयातील कर्मचाऱ्याच्या हाती पडते आणि विषय पाहून संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्य सरकारकडे पाठवले जाते. त्यामुळे संबंधित सरकारी खाते, अर्जाची तारीख, आजवर मिळालेली उत्तरे आणि नेमकी मागणी पहिल्या चार-पाच ओळींतच आली पाहिजे. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य काढून टाका, कारण त्यावर ‘कार्यवाही केली’ एवढेच उत्तर येऊ शकते. (माझ्या पहिल्या पत्राला तसेच आले होते.) त्याऐवजी ‘मार्चपासून थांबलेले निवृत्तिवेतन थकबाकीसह सुरू करावे’ असे लिहा. सोबत छायाप्रतीच जोडा, मूळ कागद कधीही पाठवू नका.

हीच तक्रार केंद्र सरकारच्या ‘सीपीग्राम्स’ पोर्टलवर नोंदवल्यास नोंदणी क्रमांक मिळतो आणि पुढचा पाठपुरावा त्यावरच चालतो. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवारणासाठी साधारण २१ दिवसांची मुदत आहे. उत्तराने समाधान न झाल्यास ३० दिवसांच्या आत अपील करता येते. न्यायप्रविष्ट प्रकरणे मात्र तेथे घेतली जात नाहीत, तेव्हा न्यायालयात काही प्रलंबित नाही ना, हे वडिलांना आधी विचारून घ्या.