वाचकांचे प्रश्न : कलहंस कुठल्या पाण्यावर उतरतो?

जायकवाडीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात हंसांचे थवे दिसतात. हेच कलहंस का? (पैठण)

बहुतेक करून नाहीत. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असतील तर तो पट्टकादंब (बार-हेडेड गूज). जायकवाडी, उजनी, नांदूर मधमेश्वर इथे नेमाने येतो तो हाच. कलहंस (ग्रेलॅग गूज) महाराष्ट्रात क्वचितच दिसतो. घोटाळा होतो तो पट्टकादंबाच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लांमुळे, कारण त्यांच्या डोक्यावर पट्टे उमटलेले नसतात. अशा वेळी डोकं सोडा, चोच आणि पाय बघा. पट्टकादंबाचे पिवळसर, कलहंसाचे गुलाबी. कलहंस अंगाने जाडजूड, डोकं-मान एकसारखी राखी-तपकिरी, आणि उडाला की पंखाची पुढची कड फिकट चंदेरी चमकते. युरोपातल्या पुस्तकांत त्याची चोच नारिंगी दाखवलेली असते. तो पश्चिमेकडचा प्रकार. भारतात येतो तो पूर्वेकडचा. त्याला मुद्दाम बघायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काश्मीरमधलं होकरसर, भरतपूरचं केवलादेव किंवा ओडिशातलं चिलिका गाठा.

आमचा पाझर तलाव काठोकाठ भरलेला असतो. बदकं येतात, पण हंस जातीचा एकही पक्षी थांबत नाही. खायला टाकावं का? (सिन्नर तालुका)

काही टाकू नका. काठोकाठ भरलेला आहे, हीच अडचण आहे. कलहंस काय, पट्टकादंब काय, हे चरणारे पक्षी. त्यांना पाणी लागतं ते मुख्यतः झोपायला, प्यायला, अंघोळीला आणि धोका वाटला तर सरकायला. पोट भरतं कोवळ्या, आखूड गवतावर, कापणी झालेल्या शेतात सांडलेल्या दाण्यांवर आणि चिखलातल्या कंदांवर. म्हणजे त्यांना एक नाही, दोन जागा हव्यात : रात्रीसाठी उघडं उथळ पाणी किंवा बेट, आणि साधारण पाच-दहा किलोमीटरच्या आत चराई. यातली एक नसली तरी थवा पुढे जातो.

गवत त्यांना नीट पचत नाही. खाल्लेलं दोनेक तासांत बाहेर पडतं आणि चरताना दर चार-पाच मिनिटांनी विष्ठा पडते. म्हणून दिवसाचा बराच वेळ चरावंच लागतं. कुत्र्यांनी किंवा फोटोवाल्यांनी दिवसातून चार वेळा उठवलं, तर उडण्यात खर्च झालेली ताकद भरून निघत नाही आणि थवा ती जागा सोडतो.

मोठ्या धरणांवर हंस का दिसतात, याचं उत्तर गाळपेरात आहे. पाणी ओसरतं, ओल्या गाळावर हिरवळ फुटते, शेजारी हरभरा-गहू उभा असतो आणि मागे विस्तीर्ण पाणी असतं. तुमच्या तलावावर हे थोडं तरी साधायचं असेल तर निदान एका बाजूचा काठ एक मीटर खाली जायला दहा मीटर किंवा त्याहून जास्त अंतर घेईल इतका उतरता ठेवा. त्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, नको. त्यावर गवत धरत नाही. पाणी हिवाळाभर हळूहळू उतरू द्या. काठची बेशरमाची झुडपं आणि पाण्यावरची जलपर्णी काढा, कारण चारी बाजूंनी नजर पोचत नसेल तर हंस उतरतच नाही. पाण्यात मान बुडवून, शेपूट वर करून तो हातभर खोलीपर्यंत पोचतो; त्याखालचे कंद असून नसल्यासारखे. आणि रात्री जाळी आणि बॅटऱ्या घेऊन मासेमारी चालू असेल तर बाकीचं सगळं करूनही उपयोग नाही.

हंसांना खारं पाणी चालतं का? आमच्या खाडीत ते का येत नाहीत? (रत्नागिरी)

चालतं, पण मर्यादेत. डोळ्यांच्या वर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. खारट थेंब नाकपुड्यांतून गळतात. लहान पिल्लांना हे पुरेसं जमत नाही, त्यामुळे समुद्रकाठी घरटी करणाऱ्या कलहंसांनाही जवळ गोडं पाणी लागतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला यूइस्ट बेटांवर ते गोड्या तळ्यांतल्या छोट्या बेटांवर अंडी घालतात आणि शिंपल्यांच्या वाळूवर वाढलेल्या किनारी कुरणांत चरतात. चिलिकात नलबण बेट पावसाळ्यात बुडतं आणि हिवाळ्यात उघडं पडतं. उघडा चिखल आणि उथळ मचूळ पाणी एकत्र मिळतं म्हणून तिथे गर्दी. आपल्या खाडीत खारफुटी दाट असते. तिथे ना चराई, ना मोकळी नजर.

सगळ्यात शिकण्यासारखी जागा स्पेनमधली दोन्याना. ग्वादालकिवीर नदीच्या मुखाजवळच्या या दलदलीत कलहंस लव्हाळ्यासारख्या एका वनस्पतीचे कंद उकरून खातात. पाऊस कमी झाला तर तिथली चिकणमाती दगडासारखी होते आणि चोच शिरत नाही. जास्त झाला तर कंद खोल पाण्याखाली जातात. मधली पातळीच कामाची. हे टणक कंद दळायला गिझार्डात, म्हणजे पोटातल्या दळणाऱ्या पिशवीत, वाळू लागते, पण दलदलीत नुसती चिकणमाती. म्हणून पहाटे थवे शेजारच्या एका वाळूच्या टेकडीवर वाळू गिळायला जातात. त्या टेकडीचं नावच ‘हंसांची टेकडी’. आता हिवाळे सौम्य झाल्याने बरेच कलहंस उत्तर युरोपातच राहतात, दलदलही आटत चालली आहे, त्यामुळे तिथली संख्या पुष्कळ घटली आहे.

जूनमध्ये इथल्या तळ्यावरचे हंस आम्हाला बघून उडत नाहीत, नुसते पाण्यात पळतात. आजारी आहेत का? (ॲमस्टरडॅम)

नाहीत. त्यांनी पंखांची मोठी पिसं एकदमच टाकली आहेत. नवी येईपर्यंत साधारण महिनाभर उडता येत नाही. या काळात लपायला बोरूचं बन आणि पळायला पाणी हवं. तुमच्यापासून फार लांब नसलेली ओस्टफार्डर्सप्लासन ही पाणथळ जागा याचसाठी प्रसिद्ध. १९६८ मध्ये सरोवर कोरडं करून काढलेल्या जमिनीतला हा भाग उद्योगांसाठी होता, पण ओला राहिला आणि बोरू माजला. पिसं टाकायला आलेल्या हजारो कलहंसांनी बोरू खाऊन पाणी मोकळं केलं. ते इतके वाढले की बोरूच संपायला लागला. तेव्हा एका भागातलं पाणी काही वर्षं उतरवलं, हंस तिकडे येईनात, बोरू परत उभा राहिला. तुम्ही एवढंच करा : कुत्रा पट्ट्याने बांधून न्या, होडी लांब ठेवा, पाव टाकू नका.

चोचीवर गाठ असलेले पाळीव हंस कलहंसाचेच वंशज ना? (सांगली)

नाही. गाठवाले पूर्व आशियातल्या दुसऱ्या रानटी जातीपासून आले. युरोपातले गाठ नसलेले पाळीव हंस मात्र कलहंसापासून.

जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत थवे मोजताना आकडे जुळत नाहीत. कसं मोजावं? (नाशिक)

दुपारी शेतात मोजू नका. एकच थवा तीन शेतांत फिरतो आणि तीनदा मोजला जातो. उजाडायच्या अर्धा तास आधी झोपण्याच्या पाण्याजवळ, दोनशे मीटरवर, सूर्य पाठीशी येईल असे बसा. थवे चराईला निघतात तेव्हा दहा-दहाच्या गटांत मोजा आणि प्रत्येक थव्याची वेळ व दिशा लिहा. दोघं असाल तर एकाने नुसतं लिहावं. धुकं असलं तर मोजणी संध्याकाळी, ते परत उतरताना करा. थवा दुर्बिणीच्या टप्प्यात स्थिर असला तर पिल्लं वेगळी मोजा. ड्रोन अजिबात नको. मेलेला पक्षी आढळला तर हात न लावता वनविभागाला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.