वाचक विचारतात : युरोपातला पगार, तिथले तास आणि हातात काय उरतं

प्रश्न : मुलगा मालवणला हॉटेलात कूक आहे. मुंबईचा एक एजंट त्याला युरोपात पाठवतो म्हणतोय, जर्मनी नाहीतर क्रोएशिया, दोन्हीकडे सारखंच म्हणे. तास आठवड्याला 48 सांगतोय, मग आपल्याकडच्यात नि त्याच्यात फरक काय? आणि गणपतीला घरी येता येईल का?

उत्तर : काका, सारखं अजिबात नाही, हे आधी पक्कं धरून चला. 2025 मध्ये जर्मनीत किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं, म्हणजे आठवड्याचे 40 तास धरले तर महिन्याला 2,200 च्या आसपास, आणि क्रोएशियात तेच महिन्याला 970 युरो, बल्गेरियात तर साधारण 550. हे सगळे कपातीच्या आधीचे आकडे बरं का. जर्मनीत त्यातून टॅक्स, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा असं बरंच जातं, क्रोएशियात नुसत्या पेन्शनलाच 20 टक्के कापतात. त्यामुळे आकड्याला शंभरने गुणून खूश होऊ नका, हातात किती पडणार ते लिहून मागा. चिपळूणच्या एका मुलाचं ऑफर लेटर माझ्याकडे आलं होतं, वर ठळक अक्षरात पगार आणि मागच्या पानावर बारीक अक्षरात खोलीचं भाडं, जेवण, युनिफॉर्म, सगळं त्याच पगारातून कापणार असं. ते मागचं पान एजंटने त्याला वाचून दाखवलंच नव्हतं.

आता 48 तासांचं. युरोपियन युनियनचा 2003 चा नियम आहे की ओव्हरटाइम धरून आठवड्याची सरासरी 48 च्या वर जायला नको. आपल्याकडच्या कायद्यात 48 च्या पुढे ओव्हरटाइम सुरू होतो, तिकडे ओव्हरटाइमसकट 48, हा मोठा फरक आहे. क्रोएशियात पूर्ण वेळेचा आठवडा 40 तासांचा, त्यापुढे ओव्हरटाइम आणि त्याचा दर जास्त. तेव्हा एजंटने 48 तासांचा एकच सरळ पगार लिहिला असेल तर वरचे आठ तास कुठल्या दराने धरलेत हे विचारायचं, आणि विचारायचंच. दुसरं म्हणजे दोन ड्युट्यांच्या मधे 11 तास सलग विश्रांती हवी, रात्री बाराला किचन बंद करून सकाळी सातला नाश्त्याला उभं करता येत नाही. सीझनच्या कामाला थोड्या सवलती असतात, पण बुडालेली विश्रांती नंतर भरून द्यावी लागते.

गणपतीचं खरं सांगतो. वर्षाला किमान चार आठवडे भरपगारी रजा मिळते, नोकरी सुटली तरच तिचे पैसे करून घेता येतात, एरवी रजा घ्यायचीच. पण क्रोएशियाच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हाच धंद्याचा सीझन, नेमके त्यातच गणपती, तेव्हा मालक सोडेल असं धरू नका. शिमग्याला येणं जमण्यासारखं आहे. काय ते करारात आधीच लिहून घ्या.

प्रश्न : मी लोट्याला केमिकल कंपनीत आहे. फ्रान्स नि जर्मनीत 35 तासांचा आठवडा आहे म्हणतात, तो सरकारने दिला का?

उत्तर : फ्रान्समध्ये हो, तिथे कायदाच झाला आणि मोठ्या कंपन्यांना तो 2000 पासून लागू झाला. पण 35 च्या पुढे काम बंद होतं असं नाही, ओव्हरटाइम लागतो एवढंच. जर्मनीतलं जास्त समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथला कायदा आजही दिवसाला 8 तास आणि सहा दिवस म्हणजे 48 पर्यंत जाऊ देतो. 35 तास मिळाले ते मेटल कामगारांना, आयजी मेटल या युनियनने 1984 मध्ये आठवडेच्या आठवडे संप केला, मग टप्प्याटप्प्याने तास कमी होत 1995 ला पश्चिम जर्मनीत 35 झाले, पूर्वेकडच्यांना त्यानंतरही कितीतरी वर्षं थांबावं लागलं. 2018 मध्ये त्याच युनियनने काही काळ आठवड्याला 28 तास काम करायची मुभा मिळवली, पगार त्या प्रमाणात कमी, पण नंतर परत पूर्ण वेळेवर यायचा हक्क शाबूत. ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वीडन, इटली इथे तर सरकारी किमान वेतनाचा कायदाच नाही, युनियन आणि मालकांच्या संघटना बसून दर ठरवतात. ऑस्ट्रियात जवळपास सगळे कामगार अशा करारात येतात. म्हणून मी तर म्हणेन, देशाचं नाव विचारण्याआधी त्या कंपनीला कुठला करार लागू आहे ते विचारा, मालवणच्या काकांनीसुद्धा.

आणि सगळीकडे तास कमीच होतायत असंही नाही हो, ग्रीसने जुलै 2024 पासून काही उद्योगांत सहावा दिवस कामाला खुला केला, 40 टक्के जादा पैसे देऊन, आणि स्पेनमध्ये साडेसदतीस तासांचं विधेयक सप्टेंबर 2025 मध्ये संसदेत पडलं.

प्रश्न : भाऊ युरोपियन कंपनीच्या मालवाहू जहाजावर आहे, त्याला हा 48 तासांचा नियम लागतो का?

उत्तर : नाही ताई, समुद्रावरच्या लोकांचे नियम वेगळे. तिथे 2006 चा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार बघायचा, 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात 77 तास विश्रांती. विश्रांतीच्या तासांची नोंद जहाजावर ठेवतात, त्यावर त्याला सही करावी लागते आणि एक प्रत त्याला मिळते. ती जपून ठेवायला सांगा, आणि झाले असतील तेवढेच तास लिहिलेत ना हे बघूनच सही करायला सांगा.