३० सप्टेंबरची तयारी : पहिल्या वर्षी एवढंच करा

३० सप्टेंबर म्हणजे नारिंगी शर्ट दिन : कॅनडात आदिवासी मुलांना घरापासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवलं गेलं, त्यांची आठवण ठेवण्याचा दिवस. त्याच्या तयारीसाठी तुम्ही शाळेच्या समितीत आलात, फार बरं वाटलं. ‘आपण तर कालपरवा कॅनडात आलो, आपला काय संबंध?’ हा संकोच सोडा. ज्या जमिनीवर आपली घरं उभी आहेत, ती इथल्या आदिवासींची आहे. एवढा संबंध पुरे.

सुरुवात तुमच्या शाळेखालच्या जमिनीपासून करा. ती कोणत्या फर्स्ट नेशनची (म्हणजे इथल्या कोणत्या मूळ रहिवासी समाजाची), तिथे करार झाला होता का, त्या नावाचा उच्चार कसा? कार्यक्रमाच्या सुरुवातीची, भूमीचं ऋण मान्य करणारी दोन वाक्यं हे जाणून म्हटली तरच त्यांना अर्थ येतो.

लहान मुलांना आकडे नकोत, एक गोष्ट सांगा. १९७३ साली फिलिस वेब्स्टॅड या सहा वर्षांच्या आदिवासी मुलीचा आजीने घेऊन दिलेला नारिंगी शर्ट निवासी शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला गेला. मुलांना हे लगेच कळतं. अशा शाळांत दीड लाखाहून अधिक मुलं नेली गेली, त्यांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये कृतीची ९४ आवाहनं केली, हे मोठ्या वर्गांसाठी ठेवा.

नव्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका :
- वर्गातल्या आदिवासी मुलाला ‘तू सांग’ म्हणून उभं करणं. हे कधीही करू नका.
- कागदी पिसांचे मुकुट बनवणं.
- ‘ते लोक असे राहायचे’ असा भूतकाळ वापरणं. ते आजही आहेत, शेजारी आहेत.
- आदिवासी समाजातल्या ज्येष्ठांना आयत्या वेळी, फुकट बोलावणं. महिनाभर आधी विचारा, मानधन द्या, त्यांचे रिवाज त्यांनाच विचारा.

बाकीचं पुढच्या वर्षी बोलू.