शून्य लोकसंख्येच्या गावाला मेयर कशाला?

प्रश्न : फ्रान्समध्ये एक गाव आहे, तिथे एकही माणूस राहत नाही तरी सरकारी यादीत नाव आहे आणि मेयरसुद्धा आहे, असं कुठेतरी वाचलं. खरंय का? की असंच फॉरवर्ड फिरतंय? आणि खरं असेल तर गाव परत का नाही वसवलं?
- एक वाचक, सांगली

उत्तर : खरंय. आणि एक नाही, अशी 6 गावं आहेत, सगळी ईशान्य फ्रान्समध्ये व्हर्दून शहराच्या आसपास. त्यातल्या फ्लरीबद्दल सांगतो, कारण तिथे बघण्यासारखं बरंच आहे. पूर्ण नाव फ्लरी-दव्हाँ-दुओमाँ, म्हणजे शेजारच्या दुओमाँ गावासमोरचं फ्लरी.

म्यूज नदीच्या पूर्वेला टेकड्यांची रांग आहे आणि तिथल्याच एका धारेवर हे गाव होतं. पहिल्या महायुद्धाआधी वस्ती 422, शेती आणि लाकूडतोड, बाकी सांगण्यासारखं काही नाही. पण घात केला तो जागेनेच, कारण एका बाजूला दुओमाँचा किल्ला, दुसऱ्या बाजूला सुव्हीलचा, आणि सुव्हील पडला की पुढे थेट व्हर्दून. 21 फेब्रुवारी 1916 ला जर्मन तोफा सुरू झाल्या, लोकांना घरंदारं तशीच टाकून निघावं लागलं, चार दिवसांत दुओमाँचा किल्ला गेला. जूनमध्ये जर्मनांनी विषारी वायूचे गोळे टाकून फ्लरी घेतलं, मग फ्रेंचांनी परत घेतलं, मग परत गेलं, असं करत ऑगस्टपर्यंत गाव 16 वेळा हातचं गेलं-आलं असं सांगतात. अर्थात तोवर घ्यायला उरलं काय होतं? एक भिंत धड नव्हती.

आता परत का नाही वसवलं. आपल्याला वाटतं घरं पडली तर घरं बांधा, त्यात काय एवढं. पण इथे जमीनच संपली होती. सगळीकडे खड्डे, मातीत न फुटलेले गोळे, विषारी वायूचे गोळे, आणि हजारो सैनिकांचे मृतदेह. नांगर लावायचा म्हणजे जिवाशी खेळ. मग सरकारने हा भाग ‘झोन रूज’ म्हणजे लाल पट्ट्यात टाकला, जमिनी ताब्यात घेतल्या आणि नंतर जंगल लावलं. एकूण 9 गावं अशी उद्ध्वस्त झाली, त्यातली 3 पुढे थोडीफार वसली, पैकी व्हो जुन्या जागेपासून थोडं बाजूला परत उभं राहिलं. आणि धोका अजून पूर्ण गेलेला नाही बरं का, या भागात आजही गोळे सापडतात आणि बॉम्बवाल्या पथकाला बोलवावं लागतं.

मेयरचं म्हणाल तर, ही गावं ‘फ्रान्ससाठी मेली’ असं जाहीर करून सरकारने त्यांचं नाव कागदावर जिवंत ठेवलं. मतदारच नाहीत तर निवडणूक कुठली, म्हणून जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा अधिकारी, तिघांची समिती नेमतो आणि तिचा अध्यक्ष मेयरचं काम बघतो. काम म्हणजे स्मरणाचे कार्यक्रम, जागेची देखभाल, आणि ज्यांचे आजे-पणजे इथले होते त्यांच्याशी संपर्क. मला विचाराल तर मोठ्या स्मारकांपेक्षा हीच गोष्ट जास्त भारी वाटते.

आज तिथे झाडाखाली खड्डेच खड्डे, त्यावर गवत, आणि मधून पायवाट. वाटेवर छोट्या खुणा लावल्यात, इथे बेकरी होती, इथे शाळा, इथे धुणं धुवायची जागा. मधोमध एक चॅपेल, म्हणजे छोटं चर्च आहे, तेही युद्धानंतर बांधलेलं. 2013 साली याच गावाच्या जागी 26 फ्रेंच सैनिकांचे अवशेष मिळाले, काहींची ओळखसुद्धा पटली, म्हणजे जवळजवळ 100 वर्षांनी.

जायचं असेल तर पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने ‘म्यूज टीजीव्ही’ स्टेशन, तिथून बसने व्हर्दून, पुढे टॅक्सी किंवा भाड्याची गाडी. व्हर्दूनचं युद्ध म्युझियम फ्लरीच्या जुन्या रेल्वे स्टेशनच्या जागेवरच आहे, तिथे गाडी लावून चालत जाता येतं. फक्त पायवाट सोडून झाडीत शिरू नका, आणि गंजलेलं लोखंड दिसलं तर आठवण म्हणून उचलायला तर अजिबात जाऊ नका.